‘नाका’ या शब्दाची अर्थकक्षा : कनेरगाव नाक्याच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मराठवाड्याची हद्द जेथे संपत येते आणि विदर्भाची सुरू होते त्या सीमेलगत, कनेरगाव नाका हे गाव आहे. कण्हेरीच्या झाडाशी नाते सांगणारी गावनावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. त्यामुळे नुसते ‘कनेरगाव’ म्हणून गाव ओळखू येणे कठीण असते. ‘नाका’ हे उत्तरपद या गावाला इतर कनेरगावांपासून वेगळे करते. स्थलनामशास्त्राच्या परिभाषेत ते भेददर्शक पद होय. मात्र भेद दाखविण्यासाठी लोकांनी नदी, देवस्थान वा बाजार यांपैकी काही न निवडता नाकाच निवडला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गावाची ओळख तेथे काय आहे यापेक्षा तेथे काय घडत असे यावरून ठरली.

आज त्या रस्त्यावर जकात घेणारी चौकी नाही. वस्तू गेली आणि शब्द उरला. असे झाले म्हणजे शब्दाचा अर्थही जातो काय, हा येथील मूळ प्रश्न आहे. पदव्युत्तर वर्गांत अनेकार्थता शिकविताना बहुधा कोशातील अर्थांची क्रमवार यादी दिली जाते. पहिला, दुसरा, तिसरा असे अर्थ मांडले जातात. परंतु एकाच शब्दाने ते का धारण केले याचे उत्तर यादीत मिळत नाही. ‘अनेकार्थता’ या संकल्पनेला फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी 1897 च्या आपल्या अर्थविचारविषयक ग्रंथात नाव दिले. नवा अर्थ आला तरी जुना लगेच मरत नाही, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ‘नाका’ हा शब्द या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ‘नाका’ या शब्दाचे सर्व अर्थ एकाच प्रसंगातून निघालेले आहेत. तो प्रसंग म्हणजे अरुंद जागी वाट अडविली जाणे. या प्रसंगात तीन भूमिका असतात : अडविणारा, जाणारा आणि थांबलेला. शब्दाचा इतिहास म्हणजे या तीन भूमिकांमध्ये झालेले अर्थाचे स्थलांतर होय.

२. नाक, नेढे आणि नाका

‘नाका’ हा शब्द ‘नाक’ या अवयववाचक शब्दाशी जोडला जातो. केवळ ध्वनिसाम्यावर विसंबून व्युत्पत्ती मांडणे धोक्याचे असते. परंतु येथे अर्थाचाही आधार आहे. नाक हा चेहऱ्याचा पुढे आलेला भाग आणि त्याच वेळी श्वासाची वाट आहे. हिंदीत सुईच्या नेढ्यालाही ‘नाका’ म्हणतात. पुढे आलेले टोक आणि आरपार जाण्याची अरुंद जागा या दोन्ही कल्पना रस्त्यावरच्या नाक्यात एकत्र आल्या आहेत. गावाचा किंवा मुलखाचा जो भाग प्रवाशाला प्रथम भेटतो ते त्याचे टोक. आणि आत शिरायचे तर त्याच नेढ्यातून शिरले पाहिजे.

‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही मराठी म्हण या संदर्भात आठवते. श्वासाची वाट बंद केली की माणूस तोंड उघडतो. मुलखाची वाट बंद केली की मुलूख शरण येतो. ‘नाकेबंदी’ या शब्दामागील युक्ती हीच आहे.

व्याकरणाने मात्र नाक आणि नाका यांना स्पष्टपणे वेगळे ठेवले आहे. ‘नाक’ नपुंसकलिंगी, त्याचे सामान्यरूप ‘नाका-’. ‘नाका’ पुल्लिंगी, त्याचे सामान्यरूप ‘नाक्या-’. म्हणून ‘नाकावर टिच्चून’ आणि ‘नाक्यावर थांबून’ यांत गोंधळ होत नाही. मूळ एक मानले तरी आजच्या भाषेत हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. अनेकार्थी शब्द आणि समध्वनी शब्द यांतील सीमारेषा विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे.

जवळच्या अर्थाच्या शब्दांशी तुलना केली असता नाक्याचे वेगळेपण उघड होते. ‘फाटा’ म्हणजे रस्त्याला फुटलेली शाखा. ‘चौक’ म्हणजे चार वाटा मिळतात ती मोकळी जागा. कोकणात तीन वाटा मिळतात त्या जागेला ‘तिठा’ म्हणतात. हे तिन्ही शब्द रस्त्याचा आकार सांगतात. ‘नाका’ आकार सांगत नाही. सरळ, एकमार्गी रस्त्यावरही नाका असू शकतो, कारण तो वाटेवर कोणाची तरी सत्ता आहे हे सांगतो. फाटा रस्त्याला फुटतो. नाका बसविला जातो. ‘नाका बसविणे’, ‘नाका उठविणे’ ही क्रियापदेच त्याचे मानवनिर्मित स्वरूप दाखवितात.

३. सरहद्दीवरचा नाका

कनेरगावच्या नावातील नाका समजून घेण्यासाठी तेथील सरहद्दीचा इतिहास पाहावा लागतो. हिंगोलीचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वऱ्हाड 1853 च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, 1902 मध्ये कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिले आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडले गेले. वऱ्हाडवरील निजामाचे नाममात्र स्वामित्व कागदोपत्री तसेच राहिले. म्हणजे नाक्याच्या दोन्ही अंगांचा मुलूख नावापुरता एकाच धन्याचा होता. तरीही एका बाजूने दुसऱ्या बाजूला माल नेताना महसूल भरावा लागे.

पैनगंगा ज्या सीमेवरून बऱ्याच अंतरापर्यंत वाहते, त्या सीमेच्या दोन्ही तीरांवर मराठीच बोलली जात होती. नातीगोती, बाजार, जत्रा यांनी दोन्ही तीर बांधलेले होते. कारभाराची भाषा मात्र बदलत असे. निजामाच्या हद्दीत राज्यकारभार उर्दूत चाले, जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’ असे, नाणे ‘हाली’ असे. पलीकडे जिल्ह्याचा प्रमुख ‘डेप्युटी कमिशनर’ आणि नाणे ‘कलदार’. एकच शेतकरी एकाच दिवशी या दोन शब्दसंग्रहांतून ये-जा करीत असे.

निजामाच्या सीमाशुल्क खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. सोळाव्या शतकात अकबराच्या महसूलव्यवस्थेत एक कोटी दाम उत्पन्नाच्या प्रदेशावर नेमलेल्या अधिकाऱ्याला ‘करोडी’ म्हणत. संपूर्ण महसुलाशी जोडलेला हा शब्द हैदराबाद संस्थानात आयात-निर्यातीवरील महसुलापुरता आकुंचित झाला. अर्थसंकोचाचे हे ठळक उदाहरण होय. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘करोडगिरी नाका’ हा जोडशब्द रूढ होता आणि त्यात मालाच्या झडतीचा धाक सामावलेला होता.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात या नाक्यांना वेगळाच अर्थ प्राप्त झाला. 1947-48 मध्ये सरहद्दीबाहेर उभारलेल्या केंद्रांतून स्वातंत्र्यसैनिकांनी संस्थानातील करोडगिरी नाक्यांवर हल्ले केले. खेडुताला राज्यसत्ता रोजच्या जीवनात जेथे भेटत असे ती जागा नाकाच होती; राजवाडा दूर होता. सत्तेचे हे टोक तोडणे म्हणजे सत्तेचे नाक कापणे, असा लाक्षणिक अर्थ त्या कृतीत आपोआप येत असे. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली. पुढील काही वर्षांत करोडगिरी खाते इतिहासजमा झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा आणि विदर्भ हे दोन्ही भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात आहेत. सरहद्द गेली. 1 जुलै 1998 रोजी वाशीम आणि 1 मे 1999 रोजी हिंगोली हे स्वतंत्र जिल्हे झाले, तेव्हा त्याच जुन्या रेषेला जिल्हासीमेचे सौम्य रूप मिळाले. गावाच्या नावातला ‘नाका’ मात्र या सर्व घडामोडींतून टिकून राहिला. दोन राज्यांमधून मराठी माणूस कसा विभागला गेला होता, याची ही एका शब्दातील नोंद आहे.

४. विशेषणांची गरज

‘जकात नाका’, ‘चेक नाका’, ‘टोल नाका’ हे आज सर्वपरिचित जोडशब्द आहेत. त्यांची रचना बारकाईने पाहिली तर एक प्रश्न उभा राहतो. नाका म्हणजेच जर तपासणीची जागा, तर ‘चेक नाका’ असे म्हणण्याची गरज का भासली? ही केवळ द्विरुक्ती आहे काय?

तसे नाही. विशेषणाची गरज पडते याचा अर्थ मूळ शब्द सैल झाला आहे. नुसत्या ‘नाका’ या शब्दाने जोवर तपासणीचा बोध होत होता तोवर ‘चेक’ लावण्याचे कारण नव्हते. शहरांत वस्ती वाढली, जुने नाके शहराच्या पोटात गेले, तेथील वसुली थांबली आणि ‘नाका’ म्हणजे दुकाने, थांबा व वर्दळ असलेले ठिकाण असा अर्थ झाला. नाशिकचा मुंबई नाका, छत्रपती संभाजीनगरातील नगर नाका, साताऱ्याचा पोवई नाका, ठाण्याचा तीन हात नाका ही नावे आज प्रामुख्याने पत्ता सांगण्यासाठी वापरली जातात. मुंबईत 2014 मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा ‘साकी नाका’ आणि ‘मरोळ नाका’ ही स्थानकांची नावे झाली. जेथे वाहन थांबविले जाई त्या शब्दाने आता गाडीच्या थांब्याला नाव दिले, हा योगायोग गमतीचा आहे. हा अर्थविस्तार झाल्यामुळेच खऱ्याखुऱ्या तपासणीच्या जागेला वेगळे विशेषण द्यावे लागले.

इंग्रजी शब्दांचे येथील स्थानही पाहण्याजोगे आहे. मराठीत इंग्रजी शब्द आले की मराठी शब्द हटतो, अशी तक्रार वारंवार केली जाते आणि तिला आधारही आहे. परंतु ‘चेक’, ‘टोल’, ‘लेबर’ हे शब्द नाक्याला हटवू शकले नाहीत. ते त्याच्या पुढे विशेषण होऊन उभे राहिले. नामपद मराठीच राहिले आणि लिंग, वचन, विभक्ती त्यानेच ठरविली. ‘टोल नाक्यावरून’ या रूपात परकी शब्दाला प्रत्यय लागत नाही. उलट बाजूने पाहिले तर, ‘नाका’ इंग्रजीत नेताना प्रत्येक संदर्भात वेगळा शब्द शोधावा लागतो : कधी चेकपोस्ट, कधी जंक्शन, कधी कॉर्नर. या साऱ्यांना एकत्र धरणारा एक शब्द मराठीपाशी आहे. शब्दसंपत्ती मोजताना शब्दांची संख्या जशी पाहावी तशी एका शब्दाची धारणशक्तीही पाहावी.

करांच्या इतिहासाने मात्र या जोडशब्दांना पुन्हा एकदा वस्तूपासून तोडले आहे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईतील जकात संपली; इतर शहरांतून ती त्याआधी टप्प्याटप्प्याने गेली होती. 14 ऑक्टोबर 2024 रोजी मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरील टोल हलक्या वाहनांना माफ करण्याचा निर्णय झाला. वसुली थांबते, माणसे बोलताना ‘जकात नाक्याजवळ’ असेच म्हणतात. कनेरगावला जे पूर्वी घडले ते आता महानगरात घडत आहे.

५. थांबलेल्यांचा नाका

अर्थाचे सर्वांत महत्त्वाचे स्थलांतर येथे होते. अडविणारा निघून गेल्यावर नाक्यावर कोण उरते? थांबलेला माणूस उरतो.

महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत सकाळी ठरलेल्या जागी गवंडी, बिगारी, रंगारी हातात आपापली अवजारे घेऊन उभे असतात. त्या जागेला ‘मजूर नाका’ किंवा ‘लेबर नाका’ म्हणतात आणि त्यावरून ‘नाका कामगार’ हा शब्द रूढ झाला आहे. येथे कोणी कोणाला अडवीत नाही. काम मिळेपर्यंत माणूस स्वतःच थांबतो. मराठवाड्यातून स्थलांतर करून गेलेल्या अनेक कुटुंबांना शहर प्रथम या नाक्यावर भेटते. ज्या प्रदेशात नाका म्हणजे माल अडविण्याची जागा होती, त्या प्रदेशाची माणसे दुसऱ्या नाक्यावर स्वतःचे श्रम घेऊन उभी राहतात, हा या शब्दाच्या प्रवासातील करुण भाग होय.

या शब्दार्थाला व्यवहारात किती वजन आहे हे कायद्याच्या संदर्भात दिसते. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये केंद्रीय कायदा झाला. लाभार्थी म्हणून नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. एका मालकाकडे सलग काम करणाऱ्याला हे सिद्ध करणे तुलनेने सोपे असते. रोज नवा मालक असलेल्या नाका कामगाराला ते अवघड जाते. ‘नाका’ या शब्दातच त्याचे अनिश्चित जीवन सामावले आहे : तो कोणत्याही एका ठिकाणचा नाही, तो वाटेवरचा आहे.

मराठी साहित्यात थांबलेल्यांचा नाका ठळकपणे आणला तो भाऊ पाध्ये यांनी. त्यांचे ‘वासूनाका’ हे पुस्तक 1965 मध्ये प्रसिद्ध झाले. पोक्या या निवेदकाच्या तोंडून मुंबईतील नाक्यावर उभ्या राहणाऱ्या तरुणांचे जग त्यांच्याच बोलीत आले. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर जहाल टीका केली आणि अश्लीलतेचा वाद दीर्घकाळ चालला. त्या वादात शीर्षकातील ‘नाका’ या शब्दाकडे फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक कृतीचे सर्व सूत्र त्या शब्दात आहे. हे तरुण घरात मावत नाहीत, कामाच्या जगात त्यांना निश्चित जागा नाही. म्हणून ते दोहोंच्या मधल्या जागी उभे आहेत. ते थांबलेले आहेत. मात्र त्याच वेळी ते अडविणारेही आहेत. नाक्यावरून जाणाऱ्या मुलीकडे ते ज्या नजरेने पाहतात आणि जे शेरे मारतात, त्यांत जुन्या झडतीचाच अवशेष आहे. जाणारीला तेथून जाण्याची किंमत मोजावी लागते. कोशातील जकातीचा अर्थ मृत झाला असे मानले तरी या कथनात तो लक्षणेच्या रूपाने जिवंत आहे. ज्याच्या हाती कोणतीच सत्ता नाही तो नाक्यापुरती सत्ता गाजवितो, ही या पुस्तकातील खरी अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. भाषेच्या शिवराळपणावरील चर्चेने ती झाकली गेली.

येथे वाचकाने एक फरक ध्यानात ठेवावा. मजूर नाका आणि वासूनाका या दोन्ही ठिकाणी माणसे थांबलेलीच आहेत. परंतु एकात थांबणे हे श्रमाच्या प्रतीक्षेत आहे, दुसऱ्यात ते प्रतीक्षेचाच विसर पडल्यासारखे आहे. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त शब्दार्थ निश्चित करणाऱ्या घटकांमध्ये साहचर्य आणि प्रकरण यांचा निर्देश केला आहे. ‘नाक्यावर उभा होता’ या वाक्याचा अर्थ हातात थापी आहे की नाही यावर बदलतो, हे त्या तत्त्वाचे आजचे उदाहरण म्हणता येईल.

६. नाकेबंदी आणि नाकाबंदी

जुना अर्थ केवळ लक्षणेतच उरला आहे असे मानणे मात्र घाईचे ठरेल. मराठीत ‘नाकेबंदी’ आणि ‘नाकाबंदी’ ही दोन रूपे आढळतात. वापरात त्यांचे क्षेत्र बरेचसे वेगळे झाले आहे. एखाद्या देशाची वा शहराची रसद तोडणे, चहूकडील वाटा बंद करणे, यासाठी ‘नाकेबंदी’ वापरतात; ‘आर्थिक नाकेबंदी’ हा प्रयोग वृत्तपत्रांत नेहमीचा आहे. पोलिसांनी विशिष्ट ठिकाणी वाहने थांबवून केलेल्या तपासणीला प्रामुख्याने ‘नाकाबंदी’ म्हणतात. पहिल्या रूपात अनेकवचन आहे, सर्व वाटा आहेत. दुसऱ्यात एकवचन आहे, एकच जागा आहे. वचनाच्या फरकावर अर्थभेद उभा राहावा, हे भाषेच्या काटकसरीचे लक्षण होय.

23 मार्च 2020 रोजी कोविडच्या साथीमुळे महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्याची घोषणा झाली. जिल्ह्याजिल्ह्यांच्या हद्दीवर तपासणी नाके उभे राहिले. परवाना विचारला जाऊ लागला, कारण विचारले जाऊ लागले, पायी निघालेल्या मजुरांना अडविले गेले. अनेक पिढ्यांनी केवळ पत्त्यापुरता वापरलेला शब्द एका दिवसात आपल्या मूळ अर्थासह परत आला. निवडणुकांच्या काळात रोकड व मालाच्या तपासणीसाठी रस्त्यांवर पथके बसतात, तेव्हाही थोड्या प्रमाणात हेच घडते. सत्तेला वाट अडविण्याची गरज पडली की नाका पुन्हा नाका होतो. अर्थ मरत नाही, तो झोपतो असे यावरून म्हणता येईल.

७. समारोप

उपर्युक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. ‘नाका’ या शब्दाची अनेकार्थता अस्ताव्यस्त नाही. अडविणारा, जाणारा आणि थांबलेला या तीन भूमिकांच्या आधारे ती सुसूत्रपणे उलगडते. करोडगिरी, जकात, टोल आणि नाकाबंदी यांत अडविणारा केंद्रस्थानी आहे. पत्ता सांगणाऱ्या नाक्यात जाणारा केंद्रस्थानी आहे. मजूर नाका आणि वासूनाका यांत थांबलेला केंद्रस्थानी आहे. अर्थांची यादी पाठ करण्याऐवजी ही रचना दाखविली तर विद्यार्थ्याला कोणत्याही अनेकार्थी शब्दाकडे पाहण्याची दृष्टी मिळेल.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. शहरांतील नाक्यांना चौकांची नवी नावे मिळत आहेत. कोल्हापूरचा कावळा नाका आता ताराराणी चौक म्हणूनही ओळखला जातो. थोर व्यक्तींचे स्मरण उचितच आहे. पण जुने नाव विस्मरणात गेले की त्या जागेने शहराची वेस कोठे होती हे सांगणेही थांबते. त्याचप्रमाणे ‘करोडगिरी’, ‘हाली’, ‘कलदार’, ‘नाकेदार’ हे शब्द ज्यांनी प्रत्यक्ष व्यवहारात ऐकले ती पिढी आता फार थोडी उरली आहे. मराठवाड्यातील आणि वऱ्हाडातील महाविद्यालयांनी सीमेवरील गावांतून हे शब्द, त्यांचे उच्चार आणि त्यांच्याशी निगडित आठवणी नोंदविण्याचे काम हाती घेतले पाहिजे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वही, ध्वनिमुद्रणाचे साधन आणि ऐकण्याची तयारी एवढे पुरेसे आहे. एका पदव्युत्तर वर्गाला एका वर्षात सीमेवरील काही गावे सहज पिंजून काढता येतील.

कनेरगाव नाका हे नाव रोज शेकडो प्रवासी तिकीट काढताना उच्चारतात. त्यातील दुसरे पद कोणत्या सरहद्दीची खूण आहे हे त्यांच्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल. ते सांगण्याची जबाबदारी भाषेच्या अभ्यासकांची आहे.